मुदतीचे काम आणि स्वतंत्र संकेतस्थळ रचनाकार

ज्यांनी एखाद्या शाळेची किंवा सहकारी संस्थेची स्मरणिका छापून घेतली आहे, त्यांना छापखान्यातील अखेरच्या रात्रीचा अनुभव निराळा सांगावयास नको. समारंभाची तारीख दोन महिने आधी ठरलेली असते, छपाईचा दरही ठरलेला असतो. परंतु अध्यक्षांचे मनोगत आलेले नसते, देणगीदारांची यादी अपुरी असते आणि मुखपृष्ठावर कोणाचे छायाचित्र घ्यावयाचे यावर एकमत झालेले नसते. शेवटी छापखान्यातील माणसे रात्रभर जागतात, स्मरणिका समारंभाच्या दिवशी सकाळी हाती येते आणि पहिल्याच पानावर कोणाचे तरी नाव चुकलेले असते. दोष मात्र छापखान्याच्या पदरी पडतो.

आज त्या छापखान्याच्या जागी पुष्कळदा संकेतस्थळ तयार करणारा एखादा तरुण किंवा तरुणी असते. कोणाच्या नोकरीत न राहता, एकेका ग्राहकाचे काम ठराविक मोबदल्यात करून देणारे हे व्यावसायिक ‘फ्रीलान्सर’ या नावाने ओळखले जातात. एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि अंगचे कौशल्य एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय तालुक्याच्या गावीही करता येतो. आपले विद्यार्थी आणि आपल्या गावातील मुले या व्यवसायात येत आहेत. आणि शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत किंवा कार्यालय या नात्याने आपण त्यांचे ग्राहकही होत आहोत. म्हणूनच अपुऱ्या मुदतीतील काम कसे पार पाडले जाते, हे दोन्ही बाजूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एकवीस दिवसांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. एका माध्यमिक शाळेच्या अमृतमहोत्सवाचे उद्‌घाटन एकवीस दिवसांवर आले आहे आणि त्या दिवशी शाळेचे संकेतस्थळ सुरू व्हावे, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. एकवीस दिवसांतून तीन रविवार वजा जाता अठरा दिवस उरतात. रचनाकाराचे प्रत्यक्ष काम असे: आराखड्यास एक दिवस, मुख्य पानाच्या रचनेस तीन, इतर पानांच्या रचनेस दोन, बांधणीस पाच, मजकूर व छायाचित्रे भरण्यास दोन, तपासणीस एक आणि संकेतस्थळ खुले करण्यास एक. एकूण पंधरा दिवस झाले. हाताशी तीन दिवस शिल्लक राहतात आणि काम सहज होईल असे वाटते.

परंतु या कामात शाळेने तीन वेळा मंजुरी द्यावयाची असते. ती आराखड्यास, रचनेस आणि अंतिम स्वरूपास लागते. प्रत्येक मंजुरीस केवळ दोन दिवस विलंब झाला, तरी सहा दिवस जातात; म्हणजे शिल्लक तीन दिवस संपून काम आणखी तीन दिवस मागे पडते. यात रचनाकाराने एका तासाचाही आळस केलेला नाही. मुदतीचे नियोजन म्हणजे केवळ स्वतःच्या श्रमाचे नियोजन नव्हे. ते मुख्यतः निर्णयांचे नियोजन आहे, हे या साध्या बेरजेवरून ध्यानात येईल.

माणसाचा स्वतःच्या कामाविषयीचा अंदाजही बहुधा आशावादी असतो. डॅनियल काहनेमन व आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पूर्वी अशाच कामास किती वेळ लागला हे विसरून, सर्व काही सुरळीत पार पडेल असे गृहीत धरून आपण दिवस मोजतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे मागील कामांची नोंद. कोणत्या कामास प्रत्यक्षात किती दिवस लागले याची वही ठेवणारा रचनाकार पुढील मुदत अधिक खात्रीने सांगू शकतो. काम मागे पडल्यावर आणखी माणसे लावण्याचा उपायही नेहमी चालत नाही. संगणक प्रणालींच्या उभारणीचा दीर्घ अनुभव असलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की रेंगाळलेल्या कामावर नवी माणसे नेमली तर ते अधिकच रेंगाळते. कारण नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ खर्ची पडतो.

पहिल्या दिवसाची कामे

अनुभवी रचनाकार उद्‌घाटनाच्या तारखेपासून मागे मोजत येतो. मजकूर भरण्याचे काम चौदाव्या दिवशी सुरू व्हावयाचे, तर मजकूर त्याआधी निदान दोन दिवस हाती हवा, हे तो पहिल्याच दिवशी ग्राहकास लेखी कळवितो. ज्या गोष्टी दुसऱ्यांच्या हाती आहेत, त्या तो प्रथम हाती घेतो. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे पासवर्ड कोणाजवळ आहेत, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयाचा असतो. एकोणिसाव्या दिवशी नव्हे. पूर्वीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले असेल आणि तो आता गावात नसेल, तर तेवढ्या एका कारणाने काम अडून बसते. डोमेन नेहमी संस्थेच्याच नावावर असावे आणि त्याची कागदपत्रे संस्थेच्या दप्तरी असावीत.

डोमेन नव्या सर्व्हरकडे वळविल्यानंतर तो बदल सर्वत्र पोहोचण्यास एक-दोन दिवसही लागू शकतात. हा बदल निष्काळजीपणे केल्यास संस्थेचा ई-मेल बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून उद्‌घाटनाच्या आदल्या सायंकाळी हे काम करू नये. पाहुण्यांनी कळ दाबण्यापूर्वी निदान दोन-तीन दिवस संकेतस्थळ जागेवर तयार असावे. समारंभात केवळ औपचारिक उद्‌घाटन व्हावे.

मजकूर ही खरी अडचण

मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत मजकुराची अडचण दुहेरी असते. एक तर तो वेळेवर मिळत नाही. आणि मिळाला, तरी पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला असतो. असा मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा घेतल्यास तेथे निरर्थक चिन्हे उमटतात. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते आणि रूपांतरात जोडाक्षरे, रफार व अनुस्वार बिघडलेले नाहीत ना, हे ओळीओळीने तपासावे लागते. कागद स्कॅन करून पाठविला असेल, तर तो बहुधा नव्याने टंकलिखित करावा लागतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेली छायाचित्रे आकाराने लहान व अस्पष्ट होतात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचतात. या गोष्टी किरकोळ दिसतात. परंतु घाईच्या कामात याच किरकोळ गोष्टी दिवस खातात.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे सांगणे योग्य होईल. एका प्रदर्शनानिमित्त छोटे संकेतस्थळ करून घ्यावयाचे होते आणि मजकूर तपासून देण्याची जबाबदारी लेखकाकडे होती. इतर कामांच्या गर्दीत तो मजकूर उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री साडेनऊला दिला गेला. रचनाकार मुलीने पहाटेपर्यंत बसून पाने पूर्ण केली. परंतु एका तालुक्याचे नाव चुकीचे पडले. तिच्याकडे खुलासा मागविण्यात आला. त्या पत्राचा मसुदा प्रस्तुत लेखकानेच केला होता. तिने उत्तरादाखल मूळ मजकुराची प्रत पाठविली, तेव्हा ती चूक मजकुरातच होती असे आढळले. मजकूर कोणत्या दिवशी द्यावयाचा हे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. ते लिहिलेले असते, तर चूक कोणाची हा प्रश्न उद्‌भवलाच नसता. किंबहुना चूकही झाली नसती.

जादा बाबींची नोंद

बांधकामाच्या कामात अंदाजपत्रकाबाहेरची बाब आली, तर तिची स्वतंत्र नोंद व मंजुरी लागते, हे पंचायत सदस्यांस ठाऊक आहे. तोच न्याय येथेही लागू करावा. पाने किती, भाषा किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे कामाच्या आरंभीच लिहून घ्यावे. मध्येच “माजी विद्यार्थ्यांची नोंदणीही करता येईल असे करा” अशी सूचना आली, तर रचनाकाराने नकार देण्याचे कारण नाही. या बाबीस एवढे दिवस व एवढा खर्च अधिक लागेल, किंवा ती उद्‌घाटनानंतर दुसऱ्या टप्प्यात घेता येईल, एवढेच त्याने लेखी कळवावे. निर्णय ग्राहकाने घ्यावा.

त्याचप्रमाणे ग्राहकाच्या वतीने बोलणारी व्यक्ती एकच असावी. दहा सदस्यांच्या गटावर रचना टाकली, तर एकास रंग गडद हवा असतो, दुसऱ्यास फिका. समितीत चर्चा अवश्य व्हावी. रचनाकाराकडे मात्र एकाच व्यक्तीमार्फत एकच निर्णय जावा. रचनाकाराने रोज सायंकाळी चार ओळींचा संदेश पाठवावा. आज काय झाले, उद्या काय होणार आणि कोणाकडून काय येणे आहे, एवढे त्यात असावे. दूरध्वनीवरील बोलण्याचा सारांशही त्याच दिवशी लिहून पाठवावा.

घाईत काय सोडावे, काय सोडू नये

वेळ कमी पडू लागल्यावर कामाचे तीन भाग करणे हिताचे असते. उद्‌घाटनास अवश्य हवे ते पहिल्या भागात, असल्यास बरे ते दुसऱ्यात आणि नंतर चालेल ते तिसऱ्यात ठेवावे. शाळेच्या उदाहरणात मुख्य पान, शाळेचा परिचय, कार्यक्रमपत्रिका व संपर्क ही पाने पहिल्या भागात येतील. पंचाहत्तर वर्षांची छायाचित्रे महिन्याभराने आली, तरी बिघडत नाही.

काही गोष्टींवर मात्र घाईतही कात्री चालवू नये. संकेतस्थळ साध्या मोबाईलवर नीट दिसावे. अक्षरांचा व पार्श्वभूमीचा रंग यांत पुरेसा फरक असावा. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सर्वसाधारण आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. दृष्टिहीन व्यक्ती जे वाचक-सॉफ्टवेअर वापरतात, त्यास समजेल असे वर्णन प्रत्येक छायाचित्रास जोडावे. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या आणि २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सुगम्यतेवर भर आहे. रोजच्या कामाची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवणे हेदेखील कधी टाळू नये. एकट्याने काम करणाऱ्याचा संगणक बिघडला किंवा तो स्वतः आजारी पडला, तर हीच प्रत व एखादा समव्यवसायी मित्र उपयोगी पडतात.

एकाच वेळी दोन घाईची कामे न स्वीकारणे, हाही नियोजनाचाच भाग आहे. नवोदितांस नकार देणे जड जाते. परंतु दोन्ही ग्राहकांस अपुरे काम मिळण्यापेक्षा एकास वेळीच दिलेला नकार अधिक प्रामाणिक ठरतो.

कायदा काय सांगतो

भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील कलम ५५ अन्वये, वेळ हेच कराराचे मर्म असेल आणि काम वेळेत झाले नाही, तर दुसऱ्या पक्षास करार रद्द करता येतो. हे कलम अनेकांस माहीत असते. कलम ६७ मात्र फारसे कोणी सांगत नाही. काम करून घेणाराच कामासाठी आवश्यक त्या सोयी देण्यात हयगय करील, तर त्यामुळे न झालेल्या कामाबद्दल काम करणारा दोषमुक्त ठरतो, असे ते कलम म्हणते. कायद्यानेच घरदुरुस्तीचे उदाहरण दिले आहे. घरात कोठे दुरुस्ती हवी हे मालकाने दाखविलेच नाही, तर दुरुस्ती झाली नाही म्हणून कारागिरास जबाबदार धरता येत नाही. मजकूर न देणारा ग्राहक आणि घर न दाखविणारा मालक यांत तत्त्वतः फरक नाही.

मोबदल्याच्या बाबतीतही संरक्षण आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देयक, करारात काहीही मुदत लिहिली असली, तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास ते स्वीकारले असे मानले जाते. १ जुलै २०२० पासून यासाठी ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. रचनाकाराने काम घेण्यापूर्वीच ही नोंदणी करून घेणे श्रेयस्कर होय.

ग्राहकाचे कर्तव्य

घाईच्या कामात रचनाकाराची रात्र जाते, हे सर्वांस दिसते. ती रात्र कोणाच्या टेबलावर राहिलेल्या कागदामुळे गेली, हे मात्र सहसा दिसत नाही. म्हणून कार्यादेश देताना त्यात केवळ काम पूर्ण करण्याची तारीख लिहून थांबू नये. मजकूर देण्याची तारीख, प्रत्येक मंजुरीची तारीख, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे पदनाम आणि देयक अदा करण्याची तारीख, या चार ओळीही त्यात लिहाव्यात. शिक्षकांनी हीच शिस्त आपल्या विद्यार्थ्यांस शिकवावी. संगणकाच्या ज्ञानाइतकीच ती त्यांच्या उपयोगी पडेल.

मुदत ही दोन्ही पक्षांवर सारखीच बंधनकारक असते. ग्राहकाने आपल्या वाट्याची तारीख पाळली, तर रचनाकारास त्याची तारीख पाळणे बहुधा अवघड जात नाही.