घोडा तयार, मूल तयार, पण माणूस कमी



आमच्या कामातील एक आठ वर्षांची मुलगी आंबेगाव तालुक्यातील एका पाड्यावर राहते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ राहतात, आधाराशिवाय फार वेळ बसता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही तिला पुण्याबाहेरील एका छोट्या धर्मादाय संस्थेत नेऊ लागलो. तिथे घोड्यावर बसवून उपचार देतात. पहिल्या दिवशी ती घोड्यावर बसली आणि खुदकन हसली. पुढच्या दोन्ही खेपांना मात्र घोडा उभा होता, ती तयार होती, पण धरायला माणसे पुरेशी नव्हती. परतताना तिची आई एसटीत म्हणाली, "ताई, मजुरी बुडती अन् पोरगी रडती. आता नाय येत आम्ही."

तिचे काय चुकले? काहीच नाही. म्हणून या उपचारात वेळापत्रक का बिघडते आणि काही विद्यार्थ्यांनी ते कसे सावरले, हे सांगावेसे वाटते.

आधी उपचाराविषयी. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी हलते. माणूस चालताना त्याच्या कंबरेची हालचाल जवळजवळ अशीच होते. त्यामुळे ज्या मुलाला चालता येत नाही, त्याच्या कंबरेला आणि पाठीला चालण्याचा अनुभव मिळतो आणि तोल सांभाळण्याचा सराव होतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत शक्ती राहिली नाही, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. त्यानंतर युरोपात या उपचाराकडे अनेकांचे लक्ष गेले. मात्र घोडा आजार बरा करत नाही. फिजिओथेरपी चालूच ठेवावी लागते, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कोणालाही घोड्यावर बसवू नये.

आता माणसांचा हिशेब पाहा. अशा एका मुलासाठी एक जण घोड्याचा दोर धरून पुढे चालतो आणि दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला सावरत चालतात. म्हणजे एका मुलामागे तीन मदतनीस. शिवाय थेरपिस्ट हवा आणि घोडाही ताजातवाना हवा. थकलेला घोडा चिडतो, म्हणून दिवसातून ठरावीक फेऱ्यांपलीकडे त्याला राबवता येत नाही. मुलाचे वजनही घोड्याला पेलणारे हवे. यातले एक जरी चुकले तरी सत्र रद्द होते.

त्या संस्थेत राष्ट्रीय सेवा योजनेतून अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी येत. या योजनेत वर्षाला १२० तास सेवा करायची असते. सुरुवातीला त्यांना मोबाईल ॲप बनवायचे होते. तिथले मोतद्दार मामा हसून म्हणाले, "आधी दोन शनिवार इथं बसून तर बघा." ते खरोखरच बसले. त्यांच्या लक्षात आले की मुलांची नावे एका वहीत, स्वयंसेवकांचे होकार व्हॉट्सॲपवर आणि घोड्यांची माहिती मामांच्या डोक्यात होती. तिन्ही गोष्टी एकत्र कुठेच नव्हत्या.

मग त्यांनी मला एक साधे गणित दाखवले. समजा, प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा दिल्या शब्दाप्रमाणे येतो. ही काही वाईट हजेरी नव्हे. पण मूल आणि तीन मदतनीस असे चौघेही एकाच वेळी हजर असण्याची शक्यता शंभरात ६६ एवढीच उरते. म्हणजे कोणीही बेजबाबदार नसताना तीनातले एक सत्र बुडते! मात्र तीनऐवजी चार मदतनीस बोलावले आणि सर्वांना दोर धरणे व बाजूने चालणे ही दोन्ही कामे शिकवली, तर तीच शक्यता शंभरात ८५ होते. एका जास्तीच्या माणसाने एवढा फरक पडतो.

त्यांनी गुगल शीटवर एकच तक्ता केला आणि तोच खोगिराच्या खोलीत पांढऱ्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पहिला रकाना घोड्याचा, कारण त्याची विश्रांती आधी ठरली पाहिजे. मग मूल, मग चार मदतनीस, त्यांत एक राखीव.

तरी पहिल्याच आठवड्यात आमच्या मुलीला सकाळी आठची वेळ मिळाली. पाड्यावरून निघून आठला पोहोचणे शक्यच नव्हते. आईने सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. आणि मीही आधी कळवायला हवे होते. ती चूक माझी. विद्यार्थ्यांनी लगेच "कुठून येणार" असा रकाना वाढवला. जवळची मुले लवकर, एसटीने येणारी नंतर, पण ऊन चढण्याआधी. आणखी एक नियम झाला: सत्र होणार की नाही हे आदल्या संध्याकाळी सहापर्यंत फोन करून कळवायचे. म्हणजे रद्द झाले तरी आईची मजुरी बुडत नाही.

आईला पुन्हा तयार करायला मला दोनदा पाड्यावर जावे लागले. शेवटी ती म्हणाली, "फोन आला तर येईन." फोन आला आणि ती आली. त्यानंतरही एकदा सत्र रद्द झाले, कारण घोड्याच्या पायाला लागले होते. पण ते आदल्या संध्याकाळीच कळले आणि ती शेतावर कामाला गेली. मुलगी अजून चालत नाही. पण आता घरी भिंतीला न टेकता बसून भाकरी खाते.

आपल्या मंडळीतील तरुण अनेकदा विचारतात, आम्ही काय करू शकतो? ज्यांना घोड्याची भीती वाटते, त्यांनी आदल्या संध्याकाळचे फोन करावेत. ज्यांना दर आठवड्याला जमत नाही, त्यांनी महिन्यातला एक शनिवार राखीव माणूस म्हणून द्यावा. मात्र येणार नसाल तर आधी कळवा. कारण त्या दिवशी पहाटे पाड्यावर एक आई चूल पेटवण्याआधी मुलीची वेणी घालत असते.