स्वरांची जुळणी : लिलीपाँड वापरताना पडणारे प्रश्न

छापखान्यातला कंपोझिटर अक्षरामागून अक्षर लावीत एक ओळ पुरी करतो आणि मग दुसरीकडे वळतो. स्वरलेखन छापायचे असले की हा सरळपणा राहत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत पाच रेघांचा स्टाफ, त्यावर वरखाली बसणारे स्वर, त्यांचे दांडे, दांड्यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या, वर कमानी, खाली गीताचे शब्द, हे सारे एकाच उभ्या रेषेत जुळून यावे लागते. इ. स. १५०१ मध्ये व्हेनिस येथे पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचे पहिले पुस्तक छापले, तेव्हा एकच कागद यंत्रातून पुनःपुन्हा काढावा लागे : रेघा वेगळ्या, स्वर वेगळे, शब्द वेगळे. पुढे कारागिरांनी मऊ धातूच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने रेघा ओढून, स्वरांचे ठसे हातोडीने उलटे ठोकून पाने घडविली. ही कला विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्या पानांचा देखणेपणा आजही डोळ्यांत भरतो.

संगणकाने छापलेली सुरुवातीची स्वरलेखने त्यामानाने फिकी आणि यांत्रिक दिसत. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच तरुणांना ही गोष्ट खटकली आणि १९९६ मध्ये त्यांनी 'लिलीपाँड' ही आज्ञावली लिहावयास घेतली. जुन्या कारागिरांचे डोळ्याचे अंदाज नियमांत बसवून संगणकाला शिकवायचे, हा त्यांचा हेतू. उदाहरणार्थ, दोन मात्रांच्या स्वराला एका मात्रेच्या स्वरापेक्षा जागा जास्त हवी, पण दुप्पट नको. लहान आकारात छापायचे तर ठसे थोडे जाड हवेत, म्हणून लिलीपाँडचे स्वरठसे आठ वेगवेगळ्या आकारांसाठी निरनिराळे रेखाटलेले आहेत. (या ठशांना फेटा, एमेंटालर अशी चीजची नावे का दिली, हे त्या दोघांनाच ठाऊक!)

आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळात गेली तीन वर्षे या आज्ञावलीचा वापर चालू आहे. मी गणिताचा अध्यापक, पण संगणक म्हटला की शंका माझ्याकडेच येतात. त्याच त्याच शंका इतक्यांदा येतात, की त्या एकदा लिहून काढणे सर्वांच्या सोयीचे होईल असे वाटले.

अगदी पहिली शंका अशी : "सर, लिलीपाँड बसवले, त्यावर दोनदा टिचकी मारली, पण काही उघडतच नाही." उघडावयाचे काही नसतेच. ही आज्ञावली म्हणजे चित्र काढण्याची पाटी नव्हे, ती पडद्यामागचा कंपोझिटर आहे. आपण साध्या मजकुराच्या फाइलीत स्वरांची नावे टंकायची आणि ती फाइल तिच्या स्वाधीन करायची. ती छापील पान परत देते. ज्यांना डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पान असे शेजारी शेजारी पाहावयाचे असेल त्यांनी 'फ्रेस्कोबाल्डी' हे मुक्त संपादनसाधन घ्यावे. त्यात पानावरच्या स्वराला माउसने स्पर्श केला की मजकुरातली नेमकी जागा सापडते. शंभर बारांच्या रचनेत चूक शोधताना याचे मोल कळते.

दुसरी शंका सर्वांत जास्त वेळा येते आणि तिच्यात थोडे खोल जावे लागेल. विद्यार्थी डी-मेजरची की सिग्नेचर लिहितो. या सप्तकात एफ आणि सी हे दोन स्वर शार्प असतात, हे त्याला पाठ असते. मग तो रोमन 'एफ' टंकतो आणि छापून येते ते नॅचरलचे चिन्ह लागलेले एफ. तो वैतागतो. "वर शार्प सांगितले आहे ना, मग याला समजत कसे नाही?"

याचे कारण असे, की लिलीपाँडला आपण कागदावर काय दिसावे ते सांगत नसतो. कोणता स्वर वाजतो ते सांगत असतो. एफ-शार्प वाजणार असेल तर प्रत्येक वेळी एफ-शार्पच लिहायचे. त्याच्यापुढे चिन्ह छापायचे की की सिग्नेचरमुळे गाळायचे, हा निर्णय आज्ञावलीचा. गंमत अशी, की स्टाफ वाचावयास शिकलेली मुले येथे हमखास अडखळतात आणि भातखंडे पद्धती शिकलेली मुले मुळीच अडखळत नाहीत. भातखंड्यांच्या स्वरलिपीत भैरव लिहिताना रिषभ आणि धैवत कोमल आहेत हे थाटावरून ठाऊक असले तरी दर वेळी त्या स्वराखाली आडवी रेघ द्यावीच लागते. ज्याच्या हाताला ती सवय आहे, त्याला हा नियम सांगावाच लागत नाही.

या कटकटीचा मोबदला पुढे मिळतो. बी-फ्लॅट ट्रंपेट वाजविणारा कागदावरचा सी वाजवितो तेव्हा ऐकू येतो तो बी-फ्लॅट. म्हणून त्याचा कागद मूळ चालीपेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. मूळ चाल एफ-मेजरमध्ये असली तर ट्रंपेटसाठी ती जी-मेजरमध्ये, आणि जेथे बी-फ्लॅट होता तेथे सी नॅचरल. हाताने उतरविताना यात एक संध्याकाळ जाते आणि तीन चुका होतात. लिलीपाँडला खरे स्वर ठाऊक असल्याने एका आज्ञेत नवी प्रत तयार होते, चिन्हांसकट.

स्वरांच्या नावांचाही एक घोटाळा आहे. मुळात आज्ञावली डच नावे धरून चालते. शार्पला 'इस' आणि फ्लॅटला 'एस' जोडायचे : एफ-शार्प म्हणजे 'फिस', बी-फ्लॅट म्हणजे 'बेस'. भाषा बदलून इंग्रजी नावे घेतली तर शार्पसाठी नुसते रोमन 'एस' हे अक्षर जोडतात. म्हणजे एका भाषेत 'एस' फ्लॅट, दुसरीत 'एस' शार्प! दोघांनी मिळून काम करावयाचे असेल तर आधी भाषा ठरवावी. पोर्तुगीज नावांचीही सोय आहे : दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. तिचा आम्हांला कसा उपयोग झाला ते पुढे येईल.

सप्तकाबद्दलची तक्रार त्यामानाने लवकर मिटते. नुसते 'सी' लिहिले की तो पियानोच्या मधल्या सी-खालचा खर्जाचा सी होतो. मधला सी हवा तर अक्षरापुढे वर एक टिंबासारखी रेघ, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यावयाची. त्याच्या वरच्या सप्तकासाठी दोन. खाली जावयाचे तर स्वल्पविराम. मंद्रासाठी खाली बिंदू आणि तारासाठी वर बिंदू देणाऱ्यांना हे नवे नाही. दुसरी एक 'सापेक्ष' पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या जवळात जवळ धरला जातो आणि खुणा फार कमी लागतात. पुस्तके तिचीच शिफारस करतात. माझे मत वेगळे आहे. तिच्यात एक खूण चुकली की पुढची सारी चाल एक सप्तक घसरते. नवख्याने निरपेक्ष पद्धतच धरावी, बोटांना थोडे जास्त श्रम पडले तरी चालतील.

कालमान आकड्यांनी लिहितात : पूर्ण स्वराला १, अर्ध्याला २, पावाला ४, पुढे ८, १६. एकदा दिलेला आकडा बदलेपर्यंत चालू राहतो. बारच्या उभ्या रेघा आपण द्यावयाच्या नसतात, त्या आज्ञावली मोजून देते. मग मजकुरात उभी रेघ टंकण्याची सोय कशाला, असे विचारतात. ती छापली जात नाही. ती रेघ म्हणजे तबलजीने समेवर केलेली मान आहे : येथे बार पुरा व्हायला हवा. झाला नसेल तर पान छापून येते, पण सोबत इशारा येतो, की अमक्या ओळीत हिशेब जुळला नाही. सात मात्रांच्या रूपकातील चाल उतरविताना प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ही रेघ टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

"आवाज मागितला आणि कागदच नाहीसा झाला", हीही नेहमीची तक्रार. फाइलीत ध्वनीसाठी मिडीचा खंड घातला, की लिलीपाँड समजते आपल्याला ध्वनीच हवा आहे. पान आणि ध्वनी दोन्ही हवे असतील तर पानाचा खंडही स्पष्ट लिहावा लागतो. एक ओळ, पण तिच्यापायी लोकांचा दिवस जातो.

आता शब्दांविषयी. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या लिलीपाँड नीट छापते. फाइल युनिकोडमध्ये असावी आणि त्या लिपीचा फाँट संगणकावर असावा, एवढेच. खरा प्रश्न शब्द तोडण्याचा आहे. एका स्वराखाली एक अक्षर यावे म्हणून दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून दोन आडव्या रेघा टंकतात. 'सागर' हा शब्द बोलताना आपण दोनच तुकड्यांत उच्चारतो. गाताना शेवटच्या 'र'लाही पुष्कळदा स्वतंत्र स्वर मिळतो. तेव्हा शब्द कोशाकडे पाहून नव्हे, गाण्याकडे कान देऊन तोडावा. 'भक्ती' हा शब्द व्याकरण शिकलेली मुले 'भक्' आणि 'ती' असा तोडतात. उच्चाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण छापताना पहिल्या तुकड्याला पाय मोडल्याची खूण दिसू लागते आणि गाणारा तेथे थबकतो. 'भ' आणि 'क्ती' असे तोडावे, जोडाक्षर अखंड राहते. कन्नड ओत्तक्षरांनाही हाच न्याय लावावा. अक्षराखालचा ओत्तु वेगळा पडला तर ओळ वाचवत नाही, असे आमच्या कन्नडभाषक विद्यार्थ्यांनीच दाखवून दिले.

भातखंडे पद्धतीची बंदिश यात छापता येईल का? सरळपणे नाही. लिलीपाँड पाच रेघांसाठी घडले आहे. शब्दांच्या ओळीत सारेगम लिहून पाहणारे आहेत, पण मीड आणि कणस्वर त्यात बसवणे जिकिरीचे आहे. हे काम अजून कोणी हौशी मराठी किंवा कन्नड विद्यार्थ्याने करण्यासारखे आहे.

"माउसने स्वर ठेवता येतील असे मुक्त सॉफ्टवेअर नाही का?" आहे : म्यूझस्कोर. व्हेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये दुसऱ्या एका आज्ञावलीतला स्वरलेखनाचा भाग वेगळा काढून त्याची सुरुवात केली. ते शिकायला सोपे आहे, वाजवूनही दाखविते. एखादे गीत उद्या सकाळी हवे असेल तर मीही तेच सांगतो.

लिलीपाँडचा आग्रह मी का धरतो, त्याला एक निमित्त आहे. गोव्यात चर्चच्या शाळेत संगीत शिकून पुढे बेळगावात स्थायिक झालेल्या एका वृद्ध बँडमास्तरांनी मंडळाला आपल्या वह्यांची पेटी दिली. लग्नाच्या वरातींपासून चर्चच्या सणांपर्यंत वाजविलेल्या चाली, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, सारे हातचे. काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, काहींची शाई उडाली आहे. मास्तर स्वर सांगतात ते दो-रे-मीच्या नावांनी. म्हणून टंकणाऱ्या मुलीने पोर्तुगीज नावेच निवडली. ते बोलतात तसे ती टंकते, मधे भाषांतर नाही.

असे काम कोणत्या रूपात ठेवायचे? फिनाले ही १९८८ पासूनची प्रसिद्ध व्यापारी आज्ञावली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचा विकास थांबविल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. तिच्या फाइली तीच उघडू जाणे, त्यामुळे जगभरच्या संगीतकारांना आपले काम 'म्यूझिक-एक्सएमएल' या देवघेवीच्या स्वरूपात बाहेर काढण्याची घाई झाली. लिलीपाँडची फाइल साधा मजकूर असते. उद्या ही आज्ञावली राहिली नाही तरी तो मजकूर डोळ्यांनी वाचून कोणीही चाल उभी करू शकेल. तिची लेखनपद्धती आवृत्तीगणिक थोडी बदलते हे खरे. म्हणून फाइलीच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहावा. जुनी फाइल नव्या पद्धतीत आणणारे साधन सोबतच मिळते, आणि तो क्रमांक नसला तर त्याला सुरुवात कोठून करावी ते कळत नाही.

मुक्त म्हणजे फुकट एवढेच का, असेही विचारतात. आज्ञावली जीएनयू परवान्याखाली आहे : वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. तिने छापलेल्या पानावर तिचा काही हक्क नाही. चालीवरचा हक्क मात्र ज्याचा त्याचा, तो आज्ञावली बदलल्याने बदलत नाही. वरातीच्या चालींत चित्रपटगीते बरीच आहेत. ती आम्ही जतन करतो, वाटत नाही.

शेवटची एक सोय सांगतो. मजकुरात टक्क्याची खूण केली की त्या ओळीत पुढे लिहिलेले काहीही छापले जात नाही. तेथे वहीचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि न लागलेल्या स्वरांची नोंद करावी, असे मी मुलांना सांगितले आहे. मास्तरांचे वय आता चौऱ्याऐंशी आहे. टक्क्याच्या खुणेपुढे 'मास्तरांना विचारणे' असे लिहिलेल्या ओळी सध्या एकोणीस फाइलींत आहेत, आणि ते दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत येतात.