'ॲक्टिंग' बॉसची पक्की खुर्ची

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच. साहेब नोकरी सोडून गेले की त्यांच्या खुर्चीत त्याला बसवतात. 'दोन-तीन महिनेच सांभाळ रे!' तो बिचारा टीम सावरतो, टार्गेट पूर्ण करतो आणि मग एक दिवस बाहेरून नवे साहेब येतात. हा पुन्हा आपल्या जुन्या टेबलावर!

भारतीय फुटबॉलमधल्या देशी कोचचं बरीच वर्षं असंच चाललं होतं. अपवाद ठरला तो मुंबईचा खालिद जमील.

खालिद १९७७ मध्ये कुवेतला जन्मला, पण त्याचा फुटबॉल घडला मुंबईत. खेळायचा मिडफिल्डमध्ये. महिंद्रा, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा असा प्रवास झाला, भारताची जर्सीही अंगावर आली. पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. २००७ मध्ये नव्या मुंबई एफसीत तो खेळाडू म्हणून गेला खरा, पण मैदानावर उतरणं काही जमेना. तिशी जेमतेम ओलांडली आणि खेळणं संपलं. आपल्याकडे या वयात लोक पहिल्या होम लोनचा विचार करत असतात!

त्याच क्लबनं २००९ मध्ये त्याला कोच केलं. वय फक्त ३२. मोठे स्टार नाहीत, पैसा बेताचा. खालिदचा फंडा साधा होता : आधी गोल खायचा नाही, मग मारायचं बघू. खेळ दिसायला देखणा नव्हता, पण संघ वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये टिकला. २०१६ मध्ये मात्र त्याला नारळ मिळाला.

मग तो थेट मिझोरामला गेला. ऐजॉल एफसी आदल्याच सीझनमध्ये लीगमधून खाली घसरली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून तिला पुन्हा जागा मिळाली. सोबत मुंबईचेच जयेश राणे आणि आशुतोष मेहता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐजॉल चक्क चॅम्पियन! मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढे. ईशान्येतल्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि मुंबई एफसी? त्याच सीझनमध्ये तळाला.

तरीही आयएसएलमध्ये मोठी खुर्ची परदेशी कोचचीच असायची. देशी माणूस असिस्टंट, फार तर 'इंटरिम'. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं खालिदला असंच 'तात्पुरतं' बसवलं. त्यानं लीगचा उरलेला एकही सामना न हरता संघ सेमीफायनलला नेला. त्या ऑक्टोबरमध्ये क्लबनं त्याला कायम केलं. आयएसएलमधला पहिला कायम भारतीय मुख्य कोच! पुढचा सीझन वाईट गेला, ११ संघांत दहावा नंबर. मग जमशेदपूरला जाऊन त्यानं नाव पुन्हा कमावलं, २०२५ च्या सुपर कपची फायनल गाठली.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा कोच म्हणून खालिदचं नाव जाहीर झालं. सॅव्हियो मेदेरांनंतर, म्हणजे २०१२ नंतर, या पदावर प्रथमच भारतीय माणूस. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ नं हरवलं, ओमानवर पेनल्टीत मात करून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर पटकावला. हनिमून पिरियड झकास!

आणि मग १४ ऑक्टोबर. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरनं १-२ असं हरवलं आणि २०२७ च्या एशियन कपचं तिकीट हुकलं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार. 'बघा, म्हणूनच फॉरेनर लागतो!' म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत.

पण जरा थांबा. याच पात्रता फेरीत आधीच्या स्पॅनिश कोचच्या काळात आपण शिलाँगला बांगलादेशशी ०-० वर अडकलो होतो, हाँगकाँगकडून ०-१ हरलो होतो. म्हणजे प्रगतिपुस्तक दोघांचं मिळून खराब. पहिल्या लाल शेऱ्यांवर कोणी पासपोर्टचा रंग काढला नव्हता.

'ॲक्टिंग' माणसाच्या चुका फारसं कोणी मोजत नाही, तो जाणारच असतो. खुर्ची पक्की झाली की शिव्याही पक्क्या होतात. देशी कोचला इतकी वर्षं जे मिळालं नव्हतं, ते हेच : स्वतःच्या नावावर जिंकण्याचा आणि स्वतःच्या नावावर हरण्याचा हक्क. तो खालिदनं मिळवलाय. फातोर्डाच्या त्या रात्रीसकट.