वारा फिरला की विमान कसं उतरवतात? धंद्यासाठी एक धडा

अंधेरी-पार्ल्याकडच्या लोकांना जुहूचं छोटं विमानतळ माहीत आहेच. 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा इथेच उतरले, एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. पावसाळ्यात मात्र जुहूचं मैदान चिखलात जायचं. मग काय, धंदा बंद? छे! पावसाळ्यापुरता सगळा कारभार पुण्याला हलवायचा. टपाल चालूच.

आता छोटं विमान उतरतं कसं, ते बघा.

पायलट आधी विंडसॉक बघतो, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी. उतरायचं वाऱ्याला सामोरं जाऊन. समजा, विमानाचा हवेतला वेग 60 नॉट आहे. समोरून 10 नॉटचा वारा असेल, तर जमिनीवर 50 चाच वेग पडतो. तोच वारा मागून आला, तर 70! थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतं. म्हणजे जवळपास दुप्पट धावपट्टी लागणार.

वारा आडवा असेल, तर नाक थोडं वाऱ्याकडे ठेवायचं आणि टेकायच्या आधी सरळ करायचं. पुढे दुसरं विमान असेल, तर आपला फेरा लांबवायचा. तरीही नाही जमलं? पॉवर देऊन परत वर! याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. यात लाज नाही. कुठल्या क्षणी वर जायचं, हे पायलटने आधीच ठरवलेलं असतं.

आता तुमचं बोला. समजा, बोरिवली स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र काढताय. भाडं, पगार, गॅस मिळून महिन्याला 60,000 खर्च, म्हणजे दिवसाला 2,000. एका ताटामागे 25 रुपये सुटत असतील, तर रोज 80 ताटं जायलाच हवीत. 60 वर अडकलात, तर महिन्याला 15,000 खिशातून जाणार.

शेजारी दुसरं केंद्र आलं, तर वेळ बदला, ऑफिसचे डबे घ्या. पण किती महिने आणि किती पैसे घालायचे, हा आकडा आजच ठरवा. तोटा सुरू झाल्यावर डोकं शांत राहत नाही, आणि मग माणूस बायकोचे दागिने मोडून दुकान ओढत राहतो.

आज रात्री वही काढा. दोनच आकडे लिहा: रोजची ताटं आणि परत वर जायची तारीख. घरच्यांनाही दाखवा!