कोळसापट्टा आणि प्रयोगशाळा

वर्धा खोऱ्यातील कोळशाचे उत्खनन १८७१ मध्ये वरोऱ्याच्या सरकारी खाणीपासून सुरू झाले. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूरला नवी खाण उभी राहिली होती. राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा आणि बैतूल जिल्ह्यांतही तिच्या खाणी आहेत. पाथाखेड्याचा कोळसापट्टा बैतूल जिल्ह्यातच आहे.

या पट्ट्याशी दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांचा संबंध येतो. धनबादचे खाण संशोधन केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले. पुढे २००७ मध्ये ते इंधन संशोधन संस्थेत विलीन होऊन ‘सिम्फर’ ही एकच संस्था झाली. तिचे एक केंद्र नागपूरला आहे. नागपूरचीच ‘नीरी’ १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. खाणीतला माणूस, खाणीतून निघणारा कोळसा आणि खाणीने उकरलेली जमीन, या तिन्हींशी या संस्थांचे काम जोडलेले आहे.

भूमिगत खाणीत सर्वांत मोठी भीती छत कोसळण्याची. धनबादच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात छताच्या खडकाला गुण देण्याची पद्धत तयार केली. १०० पैकी ३० गुण थरांच्या जाडीला, २५ भेगांसारख्या रचनादोषांना, २० हवा-पाण्याने झिजण्याच्या प्रवृत्तीला, १५ खडकाच्या ताकदीला आणि १० भूजलाला. एकूण गुणांवरून बोल्ट किती आणि किती अंतरावर ठोकायचे हे ठरते. त्यामुळे छताच्या आधाराचा निर्णय केवळ अनुभवी नजरेवर न राहता मोजमापावर येतो.

कोळशाची प्रत हा खाण आणि वीजकेंद्र यांच्यातील जुना वाद. २०१२ पासून औष्णिक वापराच्या कोळशाची प्रत त्याच्या उष्मांकावरून १७ श्रेणींत ठरते. एका श्रेणीचा फरक पडला तरी किंमत बदलते, म्हणून नमुना कोण घेतो याला महत्त्व येते. त्रयस्थ म्हणून नमुने घेण्याचे आणि तपासण्याचे काम सिम्फरकडे आले.

सर्वांत चिवट प्रश्न खुल्या खाणींच्या ढिगाऱ्यांचा आहे. कोळशावरची माती आणि खडक काढून रचलेल्या या ‘ओबी’च्या ढिगांत सेंद्रिय द्रव्य आणि नत्र अत्यल्प असते, उपयुक्त जिवाणू जवळजवळ नसतात. नुसती रोपे लावली तर ती तग धरत नाहीत, आणि पावसात उतार वाहून ओढे-नाले गाळाने भरतात. नीरीच्या आशा जुवारकर यांच्या गटाने यावर एकात्मिक जैवतंत्र पद्धत विकसित केली. कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर तिचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळ हेक्टरी ५० टन या प्रमाणात मिसळला गेला. नत्र स्थिर करणारे ऱ्हायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टर, तसेच मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी यांची जोड दिली. गाळाचा सामू ८.१ च्या वर असल्याने आणि त्यात सेंद्रिय द्रव्य असल्याने जड धातू मातीत जखडले गेले. क्रोमियम, जस्त, शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंची विषारी मात्रा लक्षणीय घटली. धातूंचा झाडात होणारा शिरकाव रोखला गेला आणि मुळांना आधार मिळाला.

ही पद्धत आंधळेपणाने कुठेही लावता येत नाही. प्रत्येक ढिगाऱ्याचा खडक वेगळा, त्यामुळे आधी त्याची तपासणी हवी. गाळातच धातू असतील तर उपायच अपाय ठरेल, म्हणून गाळही तपासावा लागतो. रोपे जगल्यावरही माती, पाणी आणि जिवाणू यांची नोंद अनेक वर्षे ठेवावी लागते. ढिगारा आणि प्रयोगशाळा एकाच शहराच्या टप्प्यात असल्याने विदर्भाला हे शक्य आहे. खाण कंपनीने जमीन व निधी द्यावा, संस्थेने मोजमाप उघड करावे आणि खाण बंद झाल्यावरही देखरेख चालू राहावी, या तीन अटी पाळल्या तरच ही भागीदारी गावांच्या उपयोगाची ठरते.