चाई, गुळवेल आणि कांद्याचा रस

पुण्यातील एखाद्या घरात मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत टक्कल अकस्मात दिसले, की न्हाव्यापासून आजीपर्यंत सर्वांचे निदान एका शब्दात होते, ‘चाई’. आणि पाठोपाठ, रात्री झोपेत किड्याने केस खाल्ले, ही कैफियतही हटकून येते. निदान बहुधा बरोबर असते, कैफियत मात्र निराधार. टकलाच्या कडेला भिंग धरून पाहिल्यास टोकाशी जाड व मुळाशी निमुळते झालेले आखूड केस आढळतात. बिघाड वरून झालेला नसून त्वचेच्या आत, मुळाशी झालेला आहे, याची ती साक्षच होय. रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी असतात, त्यांच्या नजरेतून केसांच्या मुळास एरवी एक प्रकारची माफी मिळालेली असते. चाईत ती माफी रद्द होते आणि त्या पेशी मुळाभोवती गोळा होऊन त्यावरच तुटून पडतात. मूळ सहसा नष्ट होत नाही, म्हणून केस परत येण्याची आशा राहते. कंगव्यातून वा वस्तऱ्यातून चाई दुसऱ्यास लागत नाही. मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण मात्र लागते. तेव्हा दोहोंतील भेद त्वचारोगतज्ज्ञाकडून आधी करून घ्यावा.

याहून खोल रुजलेला गैरसमज असा की, चाई म्हणजे प्रतिकारशक्ती खालावल्याचा पुरावा, आणि ती वाढविली की केस येणारच. सकाळी फिरून परतताना गुळवेलीचा रस घेणाऱ्या पुणेकर सज्जनांचा यावर गाढ विश्वास असतो. वास्तविक येथे शक्ती तोकडी पडलेली नसते, तिची दिशा चुकलेली असते. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या शिपायांनी तेलंगी ब्राह्मणांना कोठडीत कोंडले आणि त्यांतील कित्येक गुदमरून मेले, तेव्हा पुण्याच्या कोतवालीत शिपायांची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. त्या कोतवालाच्या दिमतीस आणखी शिपाई देणे हा जसा इलाज ठरला नसता, तसेच चाईत प्रतिकारशक्ती वाढविणेही. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतास झालेली इजा शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्याशी मिळतीजुळती होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पतीची ओळखच नीट पटविलेली नाही असा मुद्दा मांडला, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. तरीही ज्याला चाईसारखी एक स्वयंप्रतिकार व्याधी आधीच आहे, त्याने हा धोका कशाला पत्करावा?

कांद्याच्या रसाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिची सरसकट टवाळी करणाऱ्यांचेही मला पटत नाही. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा रस लावलेल्या २३ रुग्णांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले, नळाचे पाणी लावलेल्या १५ जणांपैकी दोघांनाच. पण प्रयोग लहान होता, कांद्याचा दर्प कोणापासून लपणार, आणि लहानशी चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येते; त्यामुळे ज्याचा उपाय शेवटी चालू होता त्याला यश मिळाल्याचा भास होतो. रस चुरचुरतो यात कदाचित मर्म असेल, कारण त्वचारोगतज्ज्ञही काही रुग्णांत मुद्दाम दाह उत्पन्न करणारे द्रव्य लावतात, अर्थात मात्रा मोजून. इंद्रलुप्तावर, म्हणजे चाईवर, आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेली गुंज आणि बिब्बा यांबाबत हे मोजमाप चुकणे प्राणावर बेतू शकते: गुंजेचे बी विषारी, बिब्ब्याने कातडी भाजते. रास्ता पेठेत १९३३ पासून चालत आलेल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांतून शिकलेला वैद्य ही द्रव्ये शोधनाशिवाय, म्हणजे शुद्ध करून घेतल्याशिवाय, वापरणार नाही. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ती चोळणाऱ्याला शोधनाचे नावही ठाऊक नसते.

डोके बहुतांश उजाड झालेल्या प्रौढांसाठी २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली बॅरिसिटिनिबची गोळीही प्रतिकारशक्ती वाढवून नव्हे, तर प्रतिकारयंत्रणेचे संदेश दडपूनच काम करते. ती बंद केल्यावर पुष्कळांचे केस पुन्हा गळतात, आणि आपल्याकडे ती सुरू करण्यापूर्वी दडून बसलेल्या क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते.