अपरिचित मूल्यवर्गाचे चलन : जतन, खर्च आणि विश्वास
(जांब समर्थ परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे परिमाण आणि मूल्यसंचयाचे साधन ही चलनाची तीन प्रमुख कार्ये अर्थशास्त्रात सांगितली जातात. नित्य वापरातील नोटा व नाणी ही तिन्ही कार्ये एकाच वेळी पार पाडतात. क्वचित हाती येणाऱ्या मूल्यवर्गाच्या बाबतीत मात्र ही कार्ये परस्परांपासून अलग होतात. असे नाणे कायद्याने वैध असूनही दुकानदार ते नाकारतो; किंवा कायद्याने बाद होऊनही घरातील माणसे ते देव्हाऱ्यात जपतात. हे नाणे खर्च करावे की ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ कायद्यात सापडत नाही; घेणाऱ्याच्या विश्वासातही ते शोधावे लागते. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जालना जिल्ह्यातील जांब समर्थ (ता. घनसावंगी) आणि त्याचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण येथील काही पिढ्यांनी चलनाचे एकाहून अधिक बदल अनुभवले आहेत.

हाली आणि कलदार

हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्यास ‘हाली सिक्का’ म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ‘कलदार’ या नावाने ओळखला जाई. हाली रुपयात चांदीचे प्रमाण कमी असल्याने साधारणतः 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार रुपये असा दर होता. म्हणजेच 100 कलदार रुपयांसाठी 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत. संस्थानात हाली हेच रोजचे चलन. पण शेजारच्या वऱ्हाडात किंवा गोदावरीपलीकडच्या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात व्यवहार करावयाचा तर कलदार हवा. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : एखादे नाणे स्वतःहून अपरिचित नसते, ते ज्या बाजारात जाते तो बाजार त्यास अपरिचित ठरवितो.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर 1950 च्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. ज्यांनी तो मुदतीत बदलून घेतला त्यांचे मूल्य टिकले. ज्यांच्याकडे तो राहिला त्यांच्यात चांदीचा रुपया बाळगणारा आणि कागदी नोट बाळगणारा असा भेद पडला. चारमिनारचे चित्र असलेल्या रुपयाची चांदी सराफाकडे मोलाची राहिली. नोटेचे मात्र विनिमयमूल्य संपले, उरले ते केवळ संग्राहकापुरते.

सव्वा रुपयाचे टिकणे

1 एप्रिल 1957 पासून भारतात दशमान नाणेपद्धती आली. 64 पैशांच्या जागी रुपयाचे 100 नवे पैसे झाले. चार आण्यांचे 25 व आठ आण्यांचे 50 नवे पैसे असा मेळ सहज बसला. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होत असल्याने पूर्णांकात हिशेब करणे भाग पडले. पुढे 30 जून 2011 पासून 25 पैसे व त्याखालील नाणी चलनातून रद्द झाली. त्यामुळे पूजेतील दक्षिणेचा, नवसाचा ‘सव्वा रुपया’ नाण्यांनी मोजून देणे अशक्य झाले. तरीही शब्द टिकला आणि प्रथाही टिकली. कोणी घरातील जुनी पावली त्यासाठी राखून ठेवतो, कोणी तिच्याऐवजी अकरा किंवा एकवीस रुपये ठेवतो. आहेराच्या पाकिटावरील एक रुपयाचे नाणेही याच भावनेचे आहे. येथे नाण्याचे मूल्य बाजाराने ठरत नाही, संकेताने ठरते.

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर

नाणी अधिनियम 2011 नुसार एक रुपया व त्यावरील मूल्यवर्गाची नाणी एका व्यवहारात 1000 रुपयांपर्यंत, तर 50 पैशांची नाणी 10 रुपयांपर्यंत वैध चलन ठरतात. प्रत्यक्षात 50 पैशांचे नाणे वैध असूनही बाजारात घेतले जात नाही. दहा रुपयांच्या नाण्याची कथा अधिक बोलकी आहे. रुपयाचे चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे, अशा अफवांमुळे अनेक ठिकाणी ते नाकारले गेले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सर्व 14 प्रकारची नाणी वैध असल्याचे जाहीर केले. ‘पुढचा घेणार नाही’ या भीतीने प्रत्येकजण नाकारतो आणि त्या नाकारण्यातूनच ती भीती खरी ठरते.

मोठ्या मूल्यवर्गाची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 व 1000 रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या. 2017 च्या कायद्याने अशा दहापेक्षा अधिक नोटा (अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपेक्षा अधिक) बाळगणे दंडनीय ठरविले. याउलट 19 मे 2023 रोजी 2000 रुपयांची नोट चलनातून मागे घेतली गेली, पण तिची वैधता काढली नाही. 7 ऑक्टोबर 2023 नंतर ती बँकेच्या शाखेत बदलता येईना. रिझर्व्ह बँकेच्या निवडक कार्यालयांत किंवा टपालाद्वारे तेथे पाठवून तिचे मूल्य मिळविण्याची सोय ठेवण्यात आली. महाराष्ट्रात अशी कार्यालये मुंबई, बेलापूर व नागपूर येथे आहेत. जांबच्या वृद्धेच्या डब्यात राहिलेली एक नोट कायद्याने दोन हजारांचीच. पण प्रवासाचा खर्च आणि गेलेला दिवस वजा केला तर तिच्या हाती तेवढे येत नाही.

निष्कर्ष

अपरिचित चलनाचा भार अखेर ज्याला माहिती सर्वांत उशिरा पोहोचते त्याच्यावर पडतो. म्हणून असे चलन हाती आल्यास तीन प्रश्न विचारावेत : ते वैध आहे का, बदलण्याची मुदत व ठिकाण कोणते, आणि त्यात धातूचे अथवा संग्राह्यतेचे मूल्य आहे का? जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती करून आगाऊ शुल्क उकळणाऱ्यांपासून ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने सावध केले होते. जुने असणे आणि दुर्मीळ असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य, अर्थशास्त्र व इतिहास विभागांना येथे प्रत्यक्ष काम आहे. विद्यार्थ्यांनी घरोघरच्या जुन्या नाण्यांची नोंद केली, तर परिसराचा आर्थिक इतिहास हाती येईल. आणि महाविद्यालयाच्या खानावळीत दहाचे नाणे निःसंकोच स्वीकारले गेले, तर विद्यार्थ्यांना चलनाचा पहिला धडा तेथेच मिळेल.